सावडीचे तीन दिवस

शारजा, अल नहदा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय नागेश,

आक्काचे तुला, रंभाला आणि घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बिल्डिंगला लिफ्ट आहे, त्यामुळे त्याचं फार चालत नाही. इकडचा उन्हाळा एकदाचा संपला. आता संध्याकाळी खिडकी उघडता येते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू ओरडला असतास, मी रडले असते आणि सांगायचं राहूनच गेलं असतं. माझं अक्षर तुला माहीत आहे. तिसरीत शाळा सुटली, पुढचं सगळं ह्यांच्या पत्रांवरून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. तेव्हा दमाने वाच आणि रंभालाही वाचून दाखव.

आज शुक्रवार, नर्सरी बंद. काल एका मुलाने माझ्या ओच्यात झोपून दीड तास घोरून घेतलं. त्याची आई न्यायला आली तरी सोडेना. मॅडम म्हणाल्या, "रंजिता, ही तुझी कमाई." मला हसू आलं. कुबराकडे सगळं ठीक आहे. तिच्याच फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत मी अजून राहते. तिची इनाया आता माझ्यापेक्षा उंच झाली. मी मराठीत काही विचारलं की म्हणते, "ओके आंटी, लेटर." ते लेटर काही येत नाही.

तुझा परेश सध्या इथेच, कुबराच्या हॉलमध्ये झोपतो. बारीक झालाय. जेवतो, पण मी वाढलं तेवढंच जेवतो, पुन्हा मागत नाही.

कॉलेजची मेल तू शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतलीस हे त्याने मला सांगितलं. गुरुजींसमोर तुझी मान खाली गेली असेल. तू कोणाकडून कधी चहासुद्धा फुकट घेतला नाहीस, दूध संघात इतकी वर्षं कारकुनी करून तुझ्यावर कोणी बोट ठेवलं नाही, आणि त्या मेलमध्ये काय, तर तुमच्या मुलाने दुसऱ्याचं सापडलेलं कार्ड वापरून अल क्वोजच्या एका गोदामात काम केलं. तू त्याला म्हणालास, "चोर पोरगा मला नको. तीस तारखेला निघून ये, तोवर बोलू नकोस." त्याने तो फोन माझ्यासमोरच घेतला होता. तो फक्त "बरं" म्हणाला.

नागेश, कार्ड त्याला सापडलं नव्हतं. कार्ड आपल्या केरूचं होतं.

केरू म्हणजे तुझ्याबरोबर विहिरीत उड्या मारायचा तोच केरू. बारा वर्षं झाली त्याला इथे. माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीकडे आहे. ती कंपनी त्याला अल क्वोजच्या गोदामात माल चढवायला-उतरवायला पाठवते. दर दिवाळीला फराळाला माझ्याकडे येतो, चकलीला नावं ठेवतो आणि डबा भरून नेतो. यंदाही रविवारी आला. दारात उभा राहिला तेव्हाच दिसलं, डोळे लाल आणि दात वाजताहेत. कपाळाला हात लावला तर तवा. परेशही दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून आलेला होता, त्याने त्याला धरून आणून बसवलं.

दवाखान्यात जाऊन आला होता. डॉक्टरने एका दिवसाची सुट्टी लिहून दिली होती. एका दिवसात काय होतंय? त्याला खाडे झाले म्हणून आधीच दोन वॉर्निंग मिळालेल्या. तिसरी मिळाली की कॅन्सल, म्हणजे व्हिसा रद्द आणि घरी. तो म्हणाला, "मंगळवारी जातो आक्का कसा तरी. पॅरासिटामॉल आहेत की."

मग परेश त्याच्या जागी गेला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. गोदामाच्या दाराशी सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं, केरूचं कार्ड मशिनला लावायचं, हेल्मेट घालायचं आणि आत. कामगार सारखे बदलत असतात, तोंडाकडे कोणी बघत नाही. पैसे त्याने एक दिरहमही घेतला नाही, घ्यायचा प्रश्नच नव्हता. हे केरूचे दिवस होते.

आता कुबरा हाक मारते आहे, तिचे मालक खैरुद्दीनभाई नमाजाहून आले, जेवायला बसायचं आहे. उरलेलं उद्या लिहीन.

शनिवार

काल लिहिलेलं सकाळी चहा घेताना वाचून पाहिलं. "मग परेश त्याच्या जागी गेला" असं मी लिहिलंय, जणू आपण होऊन उठला आणि गेला. तसं झालं नव्हतं. काल मी जेवणाचं निमित्त करून उठले, जेवायला अजून अर्धा तास होता.

मी त्याला पाठवलं.

केरू चहा पीत बसला होता आणि मी म्हटलं, "तुझ्या जागी दुसरा कोणी गेला तर?" केरू म्हणाला, खोलीतले सगळे आपापल्या कामाला जातात, मोकळा कोण आहे? मी परेशकडे बघितलं. तो माझा डोळा ओळखतो. म्हणाला, "नाही आत्या. मी स्टुडंट व्हिसावर आहे. मला बाहेर असं काम करता येत नाही, परमिट लागतं."

मी म्हटलं, "पगार घेतला तर ते काम. ही सावड आहे."

तुला वेगळं सांगायला नको. आई भांगलणीला दुसऱ्याच्या रानात जायची आणि मग त्यांची माणसं आपल्या रानात यायची. त्याला आपण कधी काम म्हटलं नाही, मजुरी तर नाहीच. आई तापाने पडली त्या साली सहा बायका आपली ज्वारी काढून गेल्या, केरूची आई त्यातलीच एक. मी हे सगळं परेशला सांगितलं. तो ऐकून घेऊन पुन्हा म्हणाला, "आत्या, ते गावात. इथे कायदा वेगळा आहे." त्याने फोनवर कॉलेजचं नियमांचं पुस्तकही काढलं.

तेव्हा मी जे बोलले ते तुला जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "एवढं शिकून माणसाच्या उपयोगी पडायचं नाही, असंच शिकवतात का रे तुमच्या कॉलेजात? तुझ्या बापाला कळलं तर काय म्हणेल?"

तुझं नाव घेतलं मी. मग त्याने फोन खिशात ठेवला. केरूसुद्धा "नको आक्का, पोराला नको" म्हणत होता, मी त्याला गप्प केलं. मंगळवारी सकाळी डबाही मीच भरून दिला.

मला पुस्तकं वाचायची सवय आहे ना, त्यामुळे आपल्याला चांगलं-वाईट कळतं असा एक ताठा आत आहे. समोरचा पोरगा नियम वाचून दाखवत होता आणि तेवढं मात्र मी ऐकलं नाही.

तो पकडला कसा गेला ते ऐक. गुरुवारी खोक्यांची एक गाडी आली, औषधांची. सुपरवायझरने ती बाहेर पत्र्याखाली लावायला सांगितली. परेशने खोक्यावरचं वाचलं, थंड जागेत ठेवायचं लिहिलं होतं. त्याचा अभ्यासच माल कुठे कसा ठेवायचा याचा. तो इंग्रजीत बोलून गेला, "सर, हे उन्हात ठेवलं तर सगळं फुकट जाईल." सुपरवायझर केरळचा आहे, त्याने आधी खोकी आत घ्यायला लावली. मग परेशकडे वळून म्हणाला, "अरे, तू केरू है? केरू को तो सही करना भी नहीं आता, अंगूठा लगाता है. तू कौन है भाई?"

हेल्मेट काढायला लावलं, कार्डावरचा फोटो बघितला, खिशातून कॉलेजचं ओळखपत्र निघालं. परेश म्हणाला, कार्ड मला बसमध्ये सापडलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि कॉलेजला कळवलं. केरूने कार्ड आपण होऊन दिलं हे कळलं असतं तर तो त्याच दिवशी गेला असता; कार्ड हरवलं म्हणून आत जाता आलं नाही, असं सांगून तो तेवढ्यापुरता निभावला. चौकशी होईपर्यंत कॉलेजने परेशला वर्गात बसू दिलं नाही.

तुझ्या पोराने चोरी अंगावर घेतली, नागेश. कोणासाठी घेतली ते आता तुला कळलं. आणि मला ते अकरा दिवस माहीत होतं.

केरूच्या खोलीतल्या माणसांनी त्याला सांगितलं, "गप बस. पोरगं शिकलेलं आहे, सुटून जाईल. तू नाही सुटणार." मीही हेच म्हटलं स्वतःला. पोरगा हुशार आहे, कॉलेज त्याला समज देऊन सोडेल, केरूची नोकरी राहील, सगळं निभेल. तुला मेल आली, तुझा फोन आला, तरी मी निभेल असंच म्हणत होते. नर्सरीत जायचे, मुलांना झोपवायचे, घरी येऊन स्वयंपाक करायचे. कुबरा नुसती बघत होती. एका संध्याकाळी म्हणाली, "भाभी, पोराला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही तुम्ही. भिंतीकडे बघून वाढता." मी म्हटलं, डोळे दुखताहेत. ती म्हणाली, "डोळे नाही दुखत तुमचे."

आता एक गोष्ट लिहायची आहे जी मी कोणालाच सांगितलेली नाही. आईलाही नाही आणि कुबरालाही नाही.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. रुवैसला कामावर असताना गेले, छातीत कळ आली, एवढं तुला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "रंजिता, अंग मोडून आलंय गं. दंड भरून आल्यासारखा वाटतोय. जावंसं वाटत नाही." तिथे तेव्हा मोठं काम निघालेलं होतं, सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. कॅम्पात डॉक्टर होता, नाही असं नाही. मी म्हणाले असते "डॉक्टरकडे जा", तर गेले असते. माझं ऐकायचे ते. मी म्हणाले, "गोळी घ्या आणि जा. दोनच दिवस राहिलेत, मग शुक्रवारी इकडे येताच आहात की." ते म्हणाले, "बरं, जातो." मी पोळ्या करत होते. फोन कानाला आणि खांद्याला धरलेला. ठेव म्हणायच्या आधी मीच ठेवला.

तुम्ही सगळे म्हणालात, सूर्यकांतचं आयुष्यच तेवढं होतं. मी मान हलवली. काय सांगणार होते?

केरूने "पॅरासिटामॉल आहेत की" म्हटलं आणि मला ह्यांचा तो सकाळचा फोन ऐकू आला. तापात कोणी कामावर जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. एकाला वाचवायला दुसऱ्याला ढकललं. हे मी माफीसाठी सांगत नाही. परेश मला विचारतो, "आत्या, तू त्या दिवशी एवढी का चिडलीस?" त्याला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगितलं.

कुबरा बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी केरूला फोन केला. त्याचा ताप उतरला होता, कामावर जात होता. मी म्हटलं, "केरू, मी उद्या परेशच्या कॉलेजात जाऊन खरं सांगणार आहे. तुझं नाव मला सांगावं लागेल. तुला न सांगता जाणार नाही म्हणून फोन केला."

मागे खोलीतल्या टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आक्का, माझी पोरगी बारावीला आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग?"

"मग काय, केरू. तरी मला जावं लागेल."

सकाळी मी बसस्टॉपवर गेले तर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा. म्हणाला, "तुला एकटीला कॉलेज सापडणार नाही, चल." मला काय सापडणार नाही! पण मी त्याच्या मागून बसमध्ये चढले. तीन बस बदलून गेलो.

कॉलेजात परदेशी मुलांचं बघणाऱ्या प्रज्ञा मॅडम आहेत, नागपूरच्या. मी सगळं सांगितलं, सावड काय असते तेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, पैसे घेतले की नाही हा प्रश्नच येत नाही. काम ते काम. आमच्या मुलांना बाहेर काम करता येतं हो. प्रदर्शनात उभी राहतात, दुकानात पार्ट टाइम करतात, ऑफिसात इंटर्नशिप करतात. पण आधी आमचं पत्र, मग ज्याच्याकडे काम करायचं त्याच्याकडून परमिट, आणि मग काम. परेशच्या शिक्षणाला तर कितीतरी ठिकाणी मागणी आहे. माझ्याकडे यायचं होतं ना एकदा."

केरू खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याने विचारलं, "मॅडम, आणि मी आजारी पडलो तर माझ्या जागी कोणाला पाठवायचं झालं, तर त्याला कुठलं पत्र लागतं?"

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "त्याला पत्र नसतं, काका."

"मला वाटलंच," केरू म्हणाला.

त्याच दुपारी तो आपल्या कंपनीच्या ऑफिसात गेला आणि स्वतःच सांगून आला. त्यांनी पोलिसांत दिलं नाही, बारा वर्षांची नोकरी बघून तेवढं केलं. पण कॅन्सल केलं. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "खलास, आक्का." मग हसला. "बायकोला सांगितलं येतोय म्हणून. ती म्हणते किती दिवसांसाठी. म्हटलं, बघ आता, कंटाळशील."

मला वाटलं होतं परेशला मोकळं वाटेल. तो माझ्यावर एवढा भडकला की कुबरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग मी अकरा दिवस गप्प कशाला बसलो? काका गेलाच ना शेवटी! आधी मला पाठवलंस आणि मग त्याला!" खरंच बोलला. त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आत्या, भाजीत मीठ नाही." एवढं बोलला तरी माझा जीव भांड्यात पडला.

आता तुझ्याकडचं. कॉलेजने चोरीचा ठपका काढला आहे. काम केल्याबद्दल शेवटची ताकीद दिली आहे, तेवढी त्याने घेतली पाहिजे, नियम त्याला माहीत होता. पुढच्या जूनमध्ये शिक्षण पूर्ण होईल. पण पालकाचं पत्र हवं, की झालेला प्रकार मला माहीत आहे आणि माझ्या मुलाने इथेच शिकावं अशी माझी इच्छा आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत. ते नाही गेलं तर नाव काढतील, मग व्हिसा संपला आणि तू म्हणतोस तसं तीस तारखेला त्याला निघावंच लागेल. रंभाची सही चालते असं मॅडम म्हणाल्या. मी रंभाला वेगळं काही लिहिलं नाही. तुझ्या पाठीमागून आता मी काही करणार नाही.

हे पत्र आणि सहीचा कागद केरूकडे दिला आहे. कागद इंग्रजीत आहे, त्याखाली मी मराठीत लिहिलंय, गुरुजींकडे जायची गरज नाही. केरू तुझ्यासमोर बसला असेल. तो स्वतःहून काही बोलायचा नाही, चहा पिऊन उठायला बघेल, त्याला उठू देऊ नकोस. त्याला जेवायला घाल. आणि त्याच्यासमोर माझ्यावरून बोलू नकोस, त्याला ते सोसणार नाही. मला काय बोलायचं ते मला फोन करून बोल. मी मधे एक शब्द बोलणार नाही.

सही करायची की नाही ते तू ठरव. त्याला परत बोलवायचंच असेल तर बोलव, तू बाप आहेस. एवढंच की चोर म्हणून बोलवू नकोस. कशासाठी बोलावतोस ते त्याला स्वतः सांग. तो तुझी वाट बघतो आहे, हे तो कबूल करत नाही. तिकीट काढलेलं नाही, पण तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून बॅग भरून कुबराच्या दाराशी ठेवली आहे. इनाया येता-जाता तिला अडखळते आणि म्हणते, "भय्या, आर यू गोइंग ऑर नॉट?" तो सांगत नाही, कारण त्याला माहीत नाही. ती बॅग हॉस्टेलवर न्यायची की विमानतळावर, एवढं त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

ह्यांनाही आणि परेशलाही "जा" म्हणणारी,
तुझी आक्का
रंजिता